दारावरची उंबरखिंड

इतिहासाच्या पुस्तकातील लढाया फार लवकर संपतात. 'दोन्ही सैन्यांची गाठ पडली, तुंबळ युद्ध झाले आणि शत्रूची दाणादाण उडाली,' एवढे वाचले की आपण पान उलटतो. लढाई कोणत्या साली झाली हे आपण पाठ करतो, कोणी जिंकली हेही पाठ करतो; परंतु ती तशी का झाली, हे मात्र पुष्कळदा आपल्याला उमगलेले नसते. याचे एक कारण असे की, लढाई जमिनीवर होते आणि आपण ती कागदावर वाचतो. कागद सपाट असतो. त्यावर डोंगर नसतो, दरी नसते, चढ चढताना लागणारी धाप नसते आणि झाडीत दडून बसलेला माणूसही नसतो.

मी छत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि त्यांतील शेवटची काही वर्षे मुख्याध्यापक म्हणून काम पाहिले. एखादे शिक्षक रजेवर असले की त्यांचा तास घ्यावयास मला मनापासून आवडे. 2011 सालच्या पावसाळ्यात अशाच एका तासाला मी सातवीच्या वर्गावर गेलो. तास इतिहासाचा होता. म्हणून मी मुलांना उंबरखिंडीची हकीकत सांगितली.

हकीकत थोडक्यात अशी. शायिस्ताखान पुण्यात तळ देऊन बसला होता. कोकणातील मुलूख जिंकण्यासाठी त्याने कारतलबखान नावाच्या सरदाराला मोठी फौज देऊन पाठवले. फौजेबरोबर रायबागन ही शूर आणि जाणती स्त्रीही होती. लोणावळ्याच्या बाजूने कुरवंडे घाट उतरून हे सैन्य कोकणात निघाले. घाटाच्या खाली, खोपोलीजवळच्या चावणी गावाच्या बाजूला, अंबा नदीच्या खोऱ्यात उंबरखिंड आहे. तेथील अरुंद आणि दाट झाडीच्या वाटेत शिवाजी महाराजांनी 2 फेब्रुवारी 1661 रोजी या सैन्याला पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरून कोंडले. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला. बरोबरचे सामानसुमान टाकून आणि खंडणी देऊन त्याने अभय मागितले आणि महाराजांनी त्याच्या सैन्याला परत जाऊ दिले.

मी थांबलो तशी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, खानाची फौज तर मोठी होती. मग तो लढून बाहेर का पडला नाही?"

"कारण खिंड अरुंद होती," मी म्हणालो. ती "हो सर" म्हणून खाली बसली. पण तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होते की, उत्तर तिच्या कानांपर्यंत पोहोचले होते, मनापर्यंत नव्हे. त्यात तिचा तरी काय दोष? आमचे गाव पठारावरचे. जिकडे नजर टाकावी तिकडे ज्वारीची शेते आणि बांधावरच्या बाभळी. खिंड म्हणजे काय, हे त्या वर्गातील एकाही मुलाने डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. सर्वांना सह्याद्रीत घेऊन जावे, तर सहलीचा खर्च पालकांना पेलणारा नव्हता. मुलांना खिंडीकडे नेता येत नसेल, तर खिंडच मुलांकडे आणावी, असा विचार त्या दिवशी माझ्या मनात आला.

खोटी भूमी रचण्याची कला आपल्या मुलांना काही नवी नाही. दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रात अंगणाअंगणांत किल्ले उभे राहतात. दगड-विटांचा ढीग रचावा, त्यावर बारदान टाकावे, चिखलाने लिंपून बुरूज काढावेत, उतारावर अळीव किंवा मोहरी पेरावी आणि मातीचे मावळे जागोजागी पहाऱ्याला उभे करावेत, हे सारे मुले कोणी न शिकवता करतात. मात्र दिवाळीचा किल्ला हा मनातला किल्ला असतो. त्यात दरवाजापेक्षा मावळा उंच असला तरी कोणी हरकत घेत नाही. मला हवी होती ती मोजूनमापून केलेली भूमी, जिच्यावर बोट ठेवून 'येथून तेथवर इतके अंतर आणि इतका चढ' असे म्हणता येईल.

असा विचार करणारा मी काही पहिला नव्हे. प्रशिया या देशातील फोन रायसविट्झ नावाच्या एका गृहस्थाने 1812 साली आपल्या राजाला एक अद्भुत मेज नजर केले. त्या मेजावर टेकड्या, नद्या, रस्ते आणि रान असलेले रंगीत तुकडे हवे तसे जुळवून युद्धभूमी मांडता येत असे. पुढे त्याच्या मुलाने, जो सैन्यात अधिकारी होता, या खेळात पुष्कळ सुधारणा केल्या आणि 1824 साली त्याचे नियम प्रसिद्ध केले. त्या खेळात एक पंच असे. प्रत्येक बाजूच्या सेनापतीला त्याच्या सैन्याला दिसेल तेवढेच तो सांगे, बाकीचे अंधारात. फाशांच्या दानावरून नुकसान ठरे. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी या खेळातून आपला व्यवसाय शिकत.

असाच खेळ एका लेखकानेही खेळला. एच. जी. वेल्स हे इंग्रज कादंबरीकार घरातील फरशीवर लाकडी ठोकळ्यांच्या टेकड्या, पुठ्ठ्याची घरे आणि डहाळ्यांची झाडे मांडून शिशाचे शिपाई लढवीत. 1913 साली त्यांनी त्या खेळावर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाच्या शेवटी त्यांनी जे म्हटले आहे ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, हा लहानसा खेळ तीन-चार वेळा खेळून पाहिला, म्हणजे खरे युद्ध ही किती भयंकर आणि अंदाधुंद गोष्ट असली पाहिजे, हे माणसाला कळून येते. पुढच्याच वर्षी, 1914 साली, पहिले महायुद्ध सुरू झाले.

राजाच्या मेजाला खजिना होता. आमच्या मेजाला काय होते? शाळेच्या अडगळीच्या खोलीत एक जुने दार भिंतीला टेकून उभे होते. ते 180 सेंटिमीटर लांब आणि 90 सेंटिमीटर रुंद भरले. एका मुलाचे वडील सुतार होते. त्यांनी दाराच्या खालच्या अंगाला दोन आडव्या पट्ट्या ठोकून दिल्या, म्हणजे ओलाव्याने ते वाकावयाचे नाही. आणि मजुरी विचारली तेव्हा हसून मान हलवली. दार दोन बाकांवर आडवे ठेवले आणि आमचे मेज तयार झाले.

मग मापाचा प्रश्न आला. भूगोलाच्या शिक्षकांपाशी भारतीय सर्वेक्षण विभागाचा एक स्थलनिर्देशक नकाशा होता. अशा नकाशावर तपकिरी रंगाच्या वेड्यावाकड्या रेषा असतात. त्यांना समोच्चरेषा म्हणतात, कारण एका रेषेवरील सर्व ठिकाणे सारख्याच उंचीची असतात. आमच्या नकाशात एका रेषेपासून दुसरी रेषा 20 मीटर उंच होती आणि नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 500 मीटर. आम्ही तो नकाशा दहापट मोठा करावयाचे ठरवले. म्हणजे दारावरचा एक सेंटिमीटर 50 मीटरांएवढा झाला आणि ते जुने दार 9 किलोमीटर लांब व साडेचार किलोमीटर रुंद मुलूख होऊन बसले.

नकाशा मोठा करण्याची युक्ती सोपी आहे. नकाशावर एक-एक सेंटिमीटरचे चौकोन आखावयाचे, मोठ्या कागदावर दहा-दहा सेंटिमीटरचे तितकेच चौकोन आखावयाचे आणि लहान चौकोनातील रेषा जशी वळत असेल, तशीच ती मोठ्या चौकोनात वळवावयाची. असे एकंदर 162 चौकोन झाले. वर्गात मुले 40. प्रत्येकाने चार काढले आणि उरलेले दोन चित्रकलेच्या बाईंनी हौसेने मागून घेतले. ज्याला सबंध चित्र काढता येत नव्हते, त्यालाही चार चौकोन सहज काढता आले. मोठे काम लहान तुकड्यांत वाटले म्हणजे ते कोणालाच अवघड राहत नाही.

डोंगर रचले ते किराणा दुकानातून मागून आणलेल्या रिकाम्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे. दहा तुकडे एकावर एक ठेवून मुलांनी उंची मोजली. ती चार सेंटिमीटर भरली. म्हणजे एक पुठ्ठा चार मिलिमीटर जाड. आता गंमत पाहा. आमच्या मापात 20 मीटर म्हणजे बरोबर चार मिलिमीटर! एक समोच्चरेषा म्हणजे एक पुठ्ठा, इतका सरळ हिशेब जमला. रेषेवरून पुठ्ठा कापावयाचा आणि खालच्या थरावर चिकटवावयाचा. प्रत्येक थर सबंध भरीव केला असता तर गावातील सगळी खोकी पुरली नसती. म्हणून कडेची रुंद पट्टी तेवढी ठेवली आणि आतल्या पोकळीत पुठ्ठ्याचेच लहान आधार उभे केले. जेथे नकाशावरच्या रेषा एकमेकींना चिकटून धावत होत्या, तेथे थरावर थर चढून सरळ कडा तयार झाला. जेथे रेषा दूर दूर होत्या, तेथे सौम्य उतार आला. रेषांचा अर्थ मी शिकवण्यापूर्वीच मुलांच्या बोटांना समजला होता.

घाटमाथा आणि पायथा यांच्या उंचीत सुमारे 500 मीटरांचा फरक. म्हणजे थर 25 आणि उंची अवघी दहा सेंटिमीटर. मुलांचा हिरमोड झाला. "सर, एवढासाच सह्याद्री?" एकाने विचारले.

"माणूस केवढा होईल, ते काढ पाहू," मी म्हणालो.

त्याने पाटीवर गणित मांडले. माणसाची उंची पावणेदोन मीटर धरली, तर आमच्या मापात तो मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा होत होता. मोहरीच्या दाण्याहूनही पुष्कळ लहान! त्या दहा सेंटिमीटरांची बरोबरी करावयास जवळजवळ तीनशे माणसे एकाच्या डोक्यावर एक उभी करावी लागली असती. तो मुलगा पाटी खाली ठेवून बराच वेळ त्या बुटक्या डोंगराकडे पाहत राहिला. सह्याद्री त्याला तेव्हा प्रथम उंच दिसला असावा.

थर बसल्यावर रद्दी वर्तमानपत्रांच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत भिजवून त्यांवर तीन वेळा चढवल्या. खळीला कीड लागू नये म्हणून पुस्तकबांधणीवाले तिच्यात थोडे मोरचूद घालतात. तसे आम्हीही घातले. मोरचूद विषारी असते, म्हणून ते काम मुलांकडे न देता मी स्वतः केले. पावसाळी हवेत सारे वाळावयास आठ दिवस लागले. मग गेरूने जमीन रंगवली. सुतारकाकांकडचा भुसा हिरव्या रंगात बुडवून, वाळवून, गवत म्हणून भुरभुरला. काथ्या आणि भांडी घासण्याच्या जुन्या घासण्या पिंजून दाट रान केले. वाळलेल्या बाभळीच्या सालीचे तुकडे कड्यांना लावले. ते हुबेहूब काळ्या खडकासारखे दिसले. नदीला निळा रंग देण्यास एक मुलगा सरसावला तेव्हा दुसरा म्हणाला, "अरे, लढाई फेब्रुवारीतली. तेव्हा नदीला पाणी कितीसे असेल?" म्हणून पात्रात वाळूखडे पसरून मधून व्हार्निशची एक बारीक ओघळ तेवढी काढली.

खर्चासाठी प्रत्येकाने पाच रुपये दिले होते. त्या 200 रुपयांचा जमाखर्च वर्गप्रमुखाने फळ्यावर लिहिला : मैदा 40, रंगांची पूड 55, खिळे 22, मोरचूद 15, व्हार्निश 60, एकूण 192 रुपये. शिल्लक आठ. या आठ रुपयांचे काय करावे, यावर पुष्कळ खल झाला आणि शेवटी त्यांची मोहरी आणि मेथी आणली. हेच आमचे सैन्य. महाराजांच्या बाजूला मोहरीचे 100 दाणे आणि खानाच्या बाजूला मेथीचे 400. एक दाणा म्हणजे दहा माणसे, असे खेळापुरते ठरवले. दहा-दहा दाणे पुठ्ठ्याच्या एकेका चकतीवर साध्या खळीने चिकटवले. मोहरीच्या दहा चकत्या झाल्या, मेथीच्या चाळीस.

नियमही मुलांनीच घडवले. एक खेळी म्हणजे पंधरा मिनिटे. तेवढ्या वेळात ओझ्यासह चालणारे सैन्य घाटवाटेने एक चौकोन, म्हणजे 500 मीटर पुढे जाईल. अरुंद वाटेच्या एका चौकोनात चारच चकत्या मावतील. गाठ पडली की दोन्ही बाजूंनी सापशिडीचा फासा टाकावयाचा आणि समोरच्याच्या दानाइतके आपले दाणे उचलून एका वाटीत ठेवावयाचे. उंचावरून येणाऱ्याच्या दानात एक मिळवावयाचा, खालून चढणाऱ्याच्या दानातून एक वजा करावयाचा. कोणाला काय दिसते याचा वाद झाला, तर दोन ठिकाणांच्या मध्ये दोरा ताणावयाचा; दोरा डोंगराला अडला की दिसत नाही असे समजावयाचे. खानाची बाजू शाळेच्या नाटकाच्या जुन्या पडद्याआड बसेल आणि तिला दिसेल तेवढेच पंच सांगेल. पंचाचे काम माझ्याकडे आले.

महाराजांची भूमिका मात्र कोणी घ्यावयाची नाही, असे मुलांनी एकमताने ठरवले. त्यांच्या जागी एक लहानसा भगवा ध्वज उभा केला आणि तीन मुले त्यांचे सरदार झाली. खानाच्या बाजूला जावयास कोणीच तयार होईना. तेव्हा ती प्रश्न विचारणारी मुलगी पुढे आली. "मी रायबागन होते," ती म्हणाली. "खान का लढला नाही, हे मला खानाच्या बाजूनेच पाहायचे आहे." मग वर्गातील एक उंचापुरा, कुस्तीची आवड असलेला मुलगा नाइलाजाने खान झाला.

खेळ सुरू झाला. खानाच्या चकत्या चारचार करून घाट उतरू लागल्या. पडद्याआडून खान विचारी, "पुढे काय दिसते?" मी उत्तर देई, "झाडी." पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा तेच उत्तर. दहाव्या खेळीला पहिल्या चार चकत्या खिंडीत पोहोचल्या, तेव्हा शेवटच्या चार नुकत्याच घाटाच्या तोंडाशी आल्या होत्या. मी रायबागनला पडदा थोडा बाजूला करून आपल्या फौजेची मांडणी पाहण्याची मोकळीक दिली. मोहरीच्या चकत्या काथ्याच्या रानाखाली असल्यामुळे तिला दिसल्या नाहीत. स्वतःचे सैन्य मात्र दिसले. ती थबकली. "सर," ती हळूच म्हणाली, "मोठी फौज आहे कुठे? ही तर दहा चौकोनांत दोरीसारखी पसरली आहे. पुढच्या माणसापासून मागचा माणूस पाच किलोमीटर लांब!"

पुढच्याच खेळीला झाडीतून मोहरी बाहेर आली. तीन चकत्या पुढे, तीन मागे, दोन-दोन दोन्ही उतारांवर. खानापाशी चाळीस चकत्या होत्या. परंतु जेथे घाव पडे तेथे लढावयास चारच. बाकीच्या छत्तीस नुसत्या उभ्या. मागून मदत आणावी तर वाट भरलेली. बाजूला चढावे तर फाशातून एक वजा. एकेक करून मेथीचे दाणे वाटीत पडू लागले. सरदारांच्या बाजूला आनंदाचे भरते आले. प्रत्येक दानाला टाळ्या पडत होत्या.

रायबागनने खानाला दोनदा शरण जाण्यास सुचवले. तो ऐकेना. "अजून तीनशेहून जास्त दाणे शिल्लक आहेत," तो म्हणाला. "शरण जाणे म्हणजे भित्रेपणा." तेव्हा त्या मुलीने वाटी उचलून त्याच्यापुढे ठेवली आणि ती दाणे मोजू लागली. मेथीचे 63 दाणे निघाले.

"हे 63 दाणे म्हणजे 630 माणसे," ती म्हणाली. "आपल्या शाळेत सगळी मिळून 412 मुले आहेत."

नेमकी मधली सुटी झाली होती. खिडकीबाहेर मैदानावर सारी शाळा खेळत होती. त्या मुलाने एकदा वाटीकडे पाहिले, एकदा मैदानाकडे पाहिले आणि हातातील फासा मेजावर ठेवला. "मी शरण येतो," तो म्हणाला.

सरदारांपैकी एक जण उसळून म्हणाला, "आता कसला शरण येतोस? तू पुरता कोंडला गेला आहेस. आम्ही सोडणार नाही!" वर्गात गलका झाला. मी पंच होतो, तरी काही बोललो नाही. तेवढ्यात दुसऱ्या सरदाराने त्या लहानशा भगव्या ध्वजाकडे बोट दाखवले. "महाराजांनी सोडले होते," तो एवढेच म्हणाला. गलका थांबला. उसळलेल्या मुलाने आपल्या चकत्या मुकाट्याने मागे घेतल्या आणि वाट मोकळी करून दिली.

टाळ्या वाजवणाऱ्यांनी आपल्या बाजूची हानी मोजलीच नव्हती. त्या मुलीने वाटी त्यांच्याकडे सरकवली तेव्हा त्यांना तळाशी मोहरीचेही नऊ दाणे दिसले. नऊ दाणे म्हणजे नव्वद माणसे. विजयी बाजूच्या नव्वद घरांतही त्या रात्री कोणी तरी वाट पाहत राहिले असते. आपले नऊ कोठे पडले, हे सरदार झालेल्या मुलांना सांगता येईना. दाणे लहान असतात, हे खरेच. पण ते दिसेनासे होतात ते लहान असल्यामुळे नव्हे, तर आपण दुसरीकडे पाहत असल्यामुळे.

खेळ संपल्यावर मी त्या मुलीला विचारले, "मिळाले का उत्तर?"

"मिळाले सर," ती म्हणाली. "तो लढू शकत नव्हता, हे दारावर कळले. आणि लढू शकला असता तरी थांबणेच शहाणपणाचे होते, हे वाटीत कळले."

असे उत्तर मुलांच्या तोंडून ऐकावयास मिळावे, म्हणूनच शिक्षकाने शिकवावयाचे असते.

ऑक्टोबरात दिवाळीच्या सुटीपूर्वी शाळेच्या ओसरीवर नेहमीप्रमाणे किल्ला झाला. उतारावर पेरावयास धान्य हवे होते. कोणी तरी ती वाटी आणली. दाण्यांच्या खळीत मोरचूद नव्हते, म्हणून ते 72 दाणे धुऊन मुलांनी ओल्या मातीत टोचले. काही रुजले नाहीत. परंतु बरेचसे चार-पाच दिवसांत उगवून आले. जवळ जाऊन पाहिले तर मेथी कोणती आणि मोहरी कोणती, हे पानांवरून ओळखता येत होते. ओसरीच्या पायरीवरून पाहिले तर सगळे सारखेच हिरवे होते.

पुढच्या वर्षीच्या वर्गाने तेच दार पुन्हा बाकांवर आडवे केले, जुने पुठ्ठे सोडवून घेतले आणि पन्हाळ्यापासून विशाळगडाकडे जाणाऱ्या वाटेवरची पावनखिंड रचली. मुलांनो, तुम्हांलाही असे मेज सहज करता येईल. दार नसेल तर जुना फळा चालेल, फळा नसेल तर फरशी चालेल. पुठ्ठा दुकानदार फुकट देईल आणि खळ घरच्या घरी शिजेल. नकाशा मात्र खरा घ्या आणि माप चोख ठेवा. भूमी प्रामाणिकपणे रचली, म्हणजे ती तुमच्या प्रश्नांना प्रामाणिक उत्तरे देते.

आणि शेजारी एक वाटी ठेवण्यास विसरू नका. मग एखाद्या पुस्तकात 'शत्रूची दाणादाण उडाली' हे शब्द येतील, तेव्हा तुम्ही लगेच पान उलटणार नाही. तुम्ही थोडे थांबाल आणि त्या शब्दांतले दाणे मोजू लागाल.